दोनच हाका

मला पहिल्या हाकेला ओ द्यायची सवय नाही. कऱ्हाड-पाटण-कोयनानगर गाडीला रोज बसणाऱ्या सगळ्यांना हे पाठ झालंय. "ओ बाई, तिकीट!" म्हटलं तरी बाई पुढंच बघणार. दुसऱ्यांदा ओरडलं तरी बाई मशीनची बटणं दाबत राहणार. तिसऱ्यांदा ओरडलं की मग मी वळते, आणि वळते ती अशी की ओरडणाऱ्याला वाटावं, झक मारली आणि ओरडलो. डेपोत मला माघारी 'बहिरी राजेश्वरी' म्हणतात. म्हणू देत, माझं काय जातंय! माझे कान लय तिखट आहेत. मागच्या बाकावर नवराबायको कुजबुजत भांडत असली तरी मला दारापाशी शब्द न् शब्द कळतो.

मूळ शिकवण आमच्या आईची. आमचं गाव पाटणच्या पुढं, कोयनानगरच्या अलीकडं, डोंगराच्या अंगाला. तिकडं पोरांना चालता यायला लागलं की दोन गोष्टी शिकवतात. जमीन हलली की भांडी पडायची वाट न बघता घराबाहेर पळायचं, आणि रानात मागून हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. आई म्हणायची, "तिसरी हाक येऊ द्याची. त्याला दोनच हाका मारता येत्यात. तिसरी मारंल ते मानूस. आदी ओ दिली तर ते घिऊन जातंय." 'ते' म्हणजे कोण, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी बहीण, रेश्मा. रेश्मा बारा वर्षांपूर्वी गेली. ते पुढं सांगते, सांगितल्याशिवाय सुटका नाही. रानातला नियम गाडीत, बाजारात, घरात, सगळीकडं पाळायची खोड मला तेव्हापासून लागली. आता मी आणि आई मलकापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. माझं लग्न झालेलं नाही. का झालं नाही ते शेजारच्या बायकांना विचारा, त्यांना सगळी माहिती असते.

तर ब्राह्मी मला गाडीतच भेटली. सांगलीकडची जैनाची पोर, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, हाडांचे व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण. आठवड्यातून एकदा कोयनानगरला जायची. पाटण सोडलं की रस्ता वळणावळणाचा. माणसं दांड्यांना लोंबकळतात, निम्म्या बायका पिशवीत तोंड घालतात, आणि मी मधल्या वाटेनं तिकिटं फाडत चाललेली असते. ती माझ्या पायांकडं टक लावून बघत होती. मला वाटलं माझी चप्पल तुटली.

"तुम्ही दांडी धरत नाही," ती म्हणाली.

"एका हातात मशीन, एका हातात सुट्टे. दांडी काय दातात धरू?"

पोर खळखळून हसली. "रविवारी दुपारी मोकळ्या असता का?"

मी म्हटलं, आली का पंचाईत. "हे बघ, ते वजन कमी करायच्या पावडरीचं असेल तर मला आत्ताच सांग."

"पावडर नाही हो. रोलर डर्बी."

"घोड्यांची?"

"नाही," ती म्हणाली, "बायकांची."

असं मी त्यात, पायाला चाकांचे स्केट बांधून खेळायच्या त्या खेळात, पडले. कुणाच्या मालकीचं नव्हतं ते, आमचं आम्हीच चालवायचं. अकराजणी होतो. एक चौथीची मास्तरीण, एक ब्यूटी पार्लरवाली, दोघी-तिघी मिलिटरीवाल्यांच्या बायका ज्यांचे नवरे लेहला नाहीतर जोधपूरला. जिच्या पायाला लागलं असेल तिनं त्या दिवशी शिट्टी वाजवायची, जी उशिरा येईल तिनं शेवटी फरशी पुसायची. जागा म्हणजे मलकापुरातलं एक मंगल कार्यालय. पंचांगात मुहूर्त नसेल त्या रविवारी ते आमचं. गेल्या गेल्या पहिलं काम झाडू. आदल्या लग्नाच्या अक्षता कानाकोपऱ्यात पडलेल्या असतात, आणि चाकाखाली तांदळाचा एक दाणा जरी आला तरी चाक जागेवर थांबतं आणि बाई तोंडावर जाते. डोकं, कोपरं, गुडघे, मनगटं, सगळीकडं कडक प्लॅस्टिकची गार्डं बांधल्याशिवाय ब्राह्मी कुणाला फरशीवर पाऊल टाकू द्यायची नाही.

खेळ सोपा आहे. खडूनं आखलेला लांबट गोल. दोन्हीकडच्या पाच-पाच. पैकी दर बाजूच्या एकीच्या हेल्मेटवर चांदणी. चांदणीवालीनं समोरच्या चौघींच्या भिंतीतून वाट काढून पुढं जायचं, गोल फिरून पुन्हा यायचं, जितक्या ओलांडेल तितके गुण. भिंतीनं तिला अडवायचं, खांद्यानं, कमरेनं. कोपर मारलं तर अर्धा मिनिट बाहेर. आणि बाहेर म्हणजे कुठं? स्टेजवरच्या नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्यांत. पहिल्याच दिवशी मी पार्लरवालीला कोपर हाणलं आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी नवरीच्या खुर्चीत बसले. पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. मी म्हटलं, "गप बसा गं भवान्यांनो, नाहीतर एकेकीला वाटेतच खाली उतरवीन." पण मला आवडलं होतं. खोटं कशाला बोलू, लय वर्षांनी काहीतरी आवडलं होतं.

प्रत्येकीच्या पाठीवर खेळातलं नाव. मला 'डबल बेल' असं नाव पडलं. मी फक्त एक अट घातली. बाई म्हणा, कंडक्टर म्हणा, काय वाटेल ते म्हणा, ताई म्हणायचं नाही. ब्राह्मीनं 'का' असं विचारलं. मी म्हटलं, "मला आवडत नाही." तिनं पुन्हा विचारलं नाही.

अडचण आली ती 'हात'ला. ब्राह्मी आमची चांदणीवाली. ती मागून वेगात यायची, "हात!" अशी हाक मारायची, आणि पुढच्या बाईनं वळून न बघता हात मागं करायचा. ती तो हात धरणार, आपण तिला सगळ्या अंगाच्या जोरानं ओढून पुढं भिरकावून द्यायचं. बाकी सगळं मला जमलं, हे जमेना. हाक आली की माझा हात दगडाचा व्हायचा. ती ओरडून पुढं निघून जायची नाहीतर माझ्या पाठीवर आदळायची, आणि मी तिसऱ्या हाकेची वाट बघत तशीच.

"कंडक्टर, इथं तिसरी हाक नसते," ती एकदा धापा टाकत म्हणाली. "दोन मिनिटांचा डाव. हाक आली की हात. कळतंय ना?"

"कळतंय मला. बावळट आहे का मी?"

"मग थांबता कशासाठी?"

मी वाकून स्केटचा पट्टा आवळला. काय सांगणार, डोंबल!

आणि तिथंच ते सुरू झालं. एका रविवारी झाडूची पाळी माझी होती म्हणून मी लवकर गेले. भर दुपार, बाहेर हायवेवर ट्रक चाललेले. झाडून झालं, स्केट घातले आणि एकटीच गोल गोल फिरायला लागले. तिसऱ्या की चौथ्या फेरीला मागून दुसऱ्या चाकांचा आवाज आला. वाटलं, आली कुणीतरी. मी वेग कमी केला, तिनंही केला. मी थांबले. मागची चाकं आणखी हातभर पुढं आली आणि मग थांबली. इतकी जवळ की माझ्या मानेवर ऊन श्वास लागला. मी मागं बघितलं नाही. स्टेजवरच्या दोन खुर्च्यांकडं बघत उभी राहिले, मनात एकच, मार हाक, मार की. मग दार वाजलं आणि मास्तरीण डबा घेऊन आत आली. माझ्या मागं कुणी नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी ती चाकं यायची. अकराजणी फिरत असल्या की मला बारावीचा आवाज ऐकू यायचा. मी सोडून द्यायला हवं होतं, शहाणी बाई सोडून देते. मी एक रविवार चुकवला नाही. ड्यूट्या बदलून घेतल्या, साहेबाशी भांडले. भीती वाटत होती, लय वाटत होती, पण बारा वर्षं मी ज्या हाकेची वाट बघत होते ती इथंच येणार अशी माझी खात्री झाली होती. ओ दिली तर ते घेऊन जातं, हे मला पाठ होतं. मला फक्त एवढंच ठरवायचं होतं, की हाक आली तर मी ओ देणार का.

आता रेश्माचं सांगते.

वैशाखात आम्ही दोघी करवंदाला गेलो होतो. आदल्या आठवड्यात मला बघायला पाव्हणे आले होते. मुलगा मिलिटरीत. पोहे मी केले, साडी मी नेसले, खाली मान घालून मी बसले, आणि निरोप आला की धाकटी देत असाल तर विचार करू. आईनं निरोप परत पाठवला नाही, बघू म्हणाली. रेश्मा काहीच बोलली नाही. वीस वर्षांची पोर, काय बोलणार होती? पण मला वाटलं ती येता-जाता आरशात बघतेय. खरंच बघत होती का, देव जाणे. मी तिच्याशी बोलायचं बंद केलं.

करवंदं काढून परतताना दिवस कलला होता. कड्याच्या कडेनं पायवाट, मी पुढं, ती मागं. मुद्दाम भराभर चालत होते. मागून हाक आली, "ताईऽऽ." मी थांबले नाही. जरा वेळानं पुन्हा, "ताईऽऽ." या वेळी बारीक. मी मनात म्हटलं, तिसरी मार, मग बघू. तिसरी आली नाही. मी घरी आले, हातपाय धुतले, चुलीपुढं बसले. तासाभरानं आईनं विचारलं, रेश्मी कुठाय गं?

कड्यावर करवंदीची जाळी निम्मी उपटून लोंबत होती. खाली ती सापडली तेव्हा तिच्या तळव्यांना करवंदीचा चीक लागून बोटं एकमेकांना चिकटली होती. म्हणजे जाळीला धरून ती बराच वेळ होती. निदान दोन हाका मारण्याइतका वेळ होती.

सगळ्यांनी विचारलं, तुला काहीच ऐकू आलं नाही? पोलिसांनी विचारलं, आईनं विचारलं. मी नाही म्हटलं. आणि मनाशी म्हटलं, मी नियम पाळला. तेही खोटं. रानातला आवाज कुणाचा, हे मला पहिल्याच हाकेला कळलं होतं. ताई म्हणताना शेवटचा ई लांबवणारी जगात एकच होती. मी भ्यायले नव्हते, मी रुसले होते.

मार्चच्या शेवटच्या रविवारी सांगलीला सामना ठरला. सांगलीतही ब्राह्मीनं आमच्यासारख्याच बायका गोळा केल्या होत्या. जागा तिच्या वडिलांचं, रामगोंडाअण्णांचं, हळदीचं रिकामं गोडाऊन. अण्णांचा दंडक, दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं झाली पाहिजेत, म्हणून सामना दुपारी तीनला. फरशी धुतली होती, तरी फटीफटीतून हळद निघत होती. जी पडेल ती पिवळी होऊन उठत होती. आईला मी नको म्हणत होते, पण तिला ब्राह्मीनं परस्पर फोन केला होता. आमची आई बनुबाई, सत्तरीची, नऊवारी नेसून पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती.

"पडू नगंस," एवढंच म्हणाली.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग ब्राह्मीचं कोपर कुणालातरी लागलं आणि शिट्टी वाजली. ती बाहेर जाऊन बसली. मी डोळ्यांनी बघितली तिला, भिंतीपाशी, बाकड्यावर, बाटलीतून पाणी पिताना. आता गोलात आमची चांदणीवाली नव्हती. मला मागून हाक मारणारं कुणीच नव्हतं.

आणि हाक आली. "ताईऽऽ."

गोडाऊनातला सगळा गोंगाट होता तिथं होता, त्याच्या मधून स्वच्छ आली. शेवटचा ई लांबवलेला. ही पहिली. नियमानं अजून दोन बाकी होत्या.

मी वाट बघितली नाही. "ओ!" म्हणून असं ओरडले की शेजारची सांगलीवाली दचकून आत पडली. आणि हात मागं केला.

धरला तिनं. माझ्या बोटांत बोटं आली, उघडी. आमच्यात हाताला गार्ड न बांधता बाई गोलात येऊच शकत नाही. लहान हात होता, गार, आणि तळवा चिकट. त्याच्यामागं वजन होतं, खरं, वीस वर्षांच्या पोरीचं, खाली ओढणारं. वाटलं, आता घेऊन जाते मला. म्हटलं, ने. पण तिला आधी वर घेते. मी गुडघे वाकवले आणि जेवढा जीव अंगात होता तेवढा लावून ओढलं. माझ्या कमरेला घासून काहीतरी पुढं गेलं. मग हात रिकामा झाला.

पुढं कुणी नव्हतं. पिवळी फरशी होती. मी तोंडावर पडले.

डोळे उघडले तर ब्राह्मी बाकड्यावरून धावत आलेली. "कुणाला दिलात हात? मी तर बाहेर होते!" माझी हनुवटी फुटली होती. मी मान वळवून मागं बघितलं, बारा वर्षांत पहिल्यांदा न बोलावता बघितलं. मागंही कुणी नव्हतं. चाकांचा तो आवाज नव्हता, श्वास नव्हता. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. आई शप्पथ, तसं काही वाटलं नाही. मी तिला वर ओढली होती आणि तरी ती मेलेलीच होती. मी लहान पोरीसारखी हुंदके देत रडायला लागले.

गर्दीतून आई आली. चपला घालून थेट गोलात आली, तिला कुणी अडवलं नाही. खाली बसली आणि पदरानं माझी हनुवटी दाबून धरली.

"कुनी हाक मारली तुला?"

"कुनी न्हाई."

"तू ओ दिलीस. मी आयकलं. पैल्या हाकंला तू देवालाबी ओ देत न्हाईस." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "कुनाला दिलीस, राजे?"

मग मी सांगितलं. तिथंच, फरशीवर, सगळ्यांच्या देखत. म्हटलं, आई, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. दोनदा हाक मारली तिनं. तिची हाक आहे हे मला कळलं होतं. मी रागात होते, म्हणून वळले नाही. तुला खोटं सांगितलं, पोलिसांना खोटं सांगितलं.

आईचा हात थांबला. मला वाटलं आता मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं पदर उलटा केला आणि कोरड्या बाजूनं माझी हनुवटी पुन्हा दाबली.

"काय म्हनाली ती?"

"ताई म्हणाली."

"कशी?"

"कशी म्हणजे?"

"कशी म्हनाली, तशी म्हन. बारा वर्सं झाली, माजी लेक शेवटाला काय बोलली मला कुनी सांगितलं न्हाई. कुनाला म्हाईतच न्हाई, आसं समजून बसले मी. तुला म्हाईत हुतं आन् तू मला दिलं न्हाईस." ती माझा खांदा गदागदा हलवायला लागली. "म्हन की गं. म्हन."

 हनुवटीतून रक्त येत होतं, तोंडात हळदीची चव. मी डोळे मिटले आणि तिच्यासारखी हाक मारली, शेवटचा ई लांबवून. बारा वर्षं ती माझ्या कानात होती, त्यामुळे हुबेहूब आली.

"ओ," आई म्हणाली.

ताबडतोब म्हणाली. लांबच्या माणसाला ऐकू जावी अशी मोठ्यानं, मान वर करून, गोडाऊनच्या उघड्या दाराकडं बघत. मग माझा खांदा न सोडता मला म्हणाली, "आता दुसरी मार."

मी दुसरी मारली. ती तशीच बारीक.

"ओ, माजे बाय, ओ," आई म्हणाली. पोरी हेल्मेटं हातात घेऊन उभ्या होत्या. ब्राह्मीनं शिट्टीवालीला खूण केली आणि सामना तिथंच थांबवला.